बिऱ्हाड हलवावं तर काकांनी

जगात घरं बांधणारी माणसं ढिगानं सापडतील. पण घर सोडावं कसं, हे आमच्या मावशीच्या यजमानांइतकं कुणालाच कळलं नाही. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते पाटबंधारे खात्यात कारकून. सरकार त्यांना या गावाहून त्या गावाला हलवत राहायचं आणि सरकार दमलं की ते स्वतःच स्वतःला हलवायचे. निलंगा झालं, रेणापूर झालं, अर्धापूर झालं. प्रत्येक गावात नोकरी एक आणि घरं तीन. एका घरात धूर कोंडतो, दुसऱ्यात घरमालक रात्रभर खोकतो, तिसऱ्यात काहीच खोट नाही म्हणून करमत नाही. मावशी बिचारी चुलीला पोतेरं फिरवून उठते न उठते तोच काका दारातून म्हणायचे, "ऱ्हाऊ दे आता ते. दुसरं मकान बघून आलो." मावशी कपाळावर हात मारायची आणि फळीवरची भांडी उतरवायला लागायची. मूलबाळ नव्हतं, तेव्हा हट्ट करून अडवणारंही घरात कुणी नव्हतं.

आमच्या गोतात कुणाची बदली झाली की आधी काकांना बोलावणं जायचं. ते यायचे आणि लग्नघरातल्या मामासारखे सगळ्यांवर ओरडत सुटायचे. काचेचं सामान गोधडीत गुंडाळायचं आणि गोधडी धान्याच्या कणगीत खुपसायची. पलंगाचे खिळे-स्क्रू फडक्यात बांधून त्याच पलंगाच्या पायाला गाठ मारायची. नाहीतर नव्या घरात महिनाभर जमिनीवर लोळा. स्टोव्ह, काडेपेटी, चहा-साखर एका पिशवीत, आणि ती पिशवी गाडीत नाही, बाईच्या मांडीवर. आमच्या बाबांनी एकदा शहाणपणा करून स्टोव्ह ट्रकमध्ये सगळ्यात खाली घातला, आणि नव्या घरी संध्याकाळपर्यंत कोरडे पोहे चावत बसले. काकांना ते ऐकून इतका आनंद झाला, की पुढं दहा ठिकाणी त्यांनी तोच किस्सा सांगितला. आणि सगळ्यात मोठी युक्ती अशी, की नव्या शेजारणीकडं पहिल्या दिवशी साखर मागायची नाही, विरजण मागायचं. "साखर वाटीनं परत करता येते," काका म्हणायचे, "मग संपलं. इरजण कसं परत करता? दही लागलं की सांगायला जावंच लागतंय." मावशी हसून म्हणायची, "हाव, आन् दही खायच्या आत आमचा ट्रक येतोय."

बहात्तरच्या दुष्काळात तर काकांनी कहर केला. घर बघायला जाताना ते दोर आणि बादली खांद्यावर टाकून जायचे. खोल्यांकडं ढुंकूनही न बघता सरळ आडात बादली सोडायची आणि कान देऊन ऐकत उभं राहायचं. रेणापूरचा एक घरमालक वैतागून म्हणाला, "साहेब, मकान भाड्यानं पाहिजे का आड?" काका म्हणाले, "भिंती सगळीकडं सारख्याच हायत हो. तुमच्या आडात पाणी हाय का, तेवढं बोला." पाणी होतं. बिऱ्हाड आलं, आणि आठवडा गेला नाही तोच आडानं तळ दाखवला. पुन्हा दोर, पुन्हा बादली. त्या उन्हाळ्यात त्यांनी इतकी घरं बदलली, की पोस्टमननं पत्रं वाटणं सोडून काकांना शोधणं हाच धंदा धरला. आम्ही पोरं पोट धरधरून हसायचो. आता मला त्यातलं आठवतं ते मावशीचं उन्हानं काळंठिक्कर पडलेलं तोंड, आणि हसू येत नाही.

मावशी कधी भांडली नाही. तिचं मागणं एकच होतं : लातूर. लातूर तिचं माहेर. "आमच्या लोकांत एकदा टेकू द्या मला," एवढंच ती म्हणायची. पुढं लातूर जिल्हा झाला, नवी हापिसं निघाली आणि लातूरला यायला जो तो धडपडू लागला. काका तेव्हा देगलूरला होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून बदलीचा अर्ज केला आणि मावशीला शब्द दिला, "हे शेवटचं. लातुरात मकान घेतलं की मी मरेपर्यंत हलत न्हाई." मावशीनं तो शब्द पत्रातून आम्हा सगळ्यांना कळवला. बाबांनी लातुरात आमच्याच गल्लीत त्यांच्यासाठी घरही बघून ठेवलं.

हुकूम यायच्या आत देगलूरला गढूळ पाण्यानं कावीळ पसरली आणि मावशी गेली. आम्ही पोचलो तेव्हा तिला दारात बसवून ठेवलं होतं. आम्ही लिंगायत; आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. बसवून, तळहातावर लिंग ठेवून. माणसं तिला खड्ड्यात उतरवत होती आणि काका काठावर वाकून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "सावकाश रे बाबांनो, सावकाश. घाई न्हाई आपल्याला." मला ते ऐकवेना. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

नंतर बदलीचा हुकूम आला. लातूरच, आणि वर बढतीही. मी आणि बाबा ट्रक घेऊन देगलूरला गेलो. बघतो तर घरातली एक वाटीसुद्धा जागची हललेली नव्हती. काका ओट्यावर बसले होते.

"साडूभाऊ, बांधाबांध कुठाय?" बाबांनी विचारलं.

"मी येत न्हाई," काका म्हणाले. "हुकूम रद्द करा म्हणून लिहून राहिलो."

बाबांचा पारा चढला. "डोकं फिरलंय का तुमचं? इथं कोण आहे तुमचं? लातूरला आम्ही सगळे हाव."

"मला तुम्ही हाव. तिला इथं कोन हाय?"  मग काका हळू आवाजात म्हणाले, "साऱ्या उमरभर तिला बसू दिलं न्हाई हो मी. आता बसलीय एकदाची. मी तिला टाकून कुठं जाऊ?"

 बाबा काकांच्या शेजारी बसले आणि लहान पोरासारखे रडले. काकांनी उठून चहा केला, आम्हाला जेवायला घातलं, आणि दुपार कलल्यावर आम्ही रिकामा ट्रक घेऊन निघालो.

ट्रक वळतो न वळतो तोच काका हात करत पळत मागं आले. बाबांनी घाईघाईनं गाडी थांबवायला लावली. त्यांना वाटलं, बदललं मन. काका धापा टाकत ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि म्हणाले, "एवढी मोठी गाडी रिकामी नेऊ नका, भाऊ. उदगिरात बघा जरा. नव्या जिल्ह्याला लई बिऱ्हाडं निघून राहिलीत. एखादी बाई वाट बघत बसली असंल, तिला घेऊन जावा."

उदगिरात आम्ही थांबलो, चार ठिकाणी विचारलं, एक बिऱ्हाड मिळालं. तिथून लातूर येईपर्यंत बाबा कुणा अनोळखी बाईची स्टोव्हची पिशवी मांडीवर धरून बसले होते.