अण्णांचा गिझर

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, घरात कारागीर येऊ देत नसत. नळ गळो की पंखा अडो, "आधी मी बघतो" हे ठरलेलं. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की ते तरुण दिसत. बिबवेवाडीतल्या आमच्या घरातल्या काही वस्तू त्यांच्या दुरुस्तीमुळे चालत, काही दुरुस्तीनंतरही का चालत नाहीत ते कुणालाच कळत नसे. "वस्तूला जरा वेळ द्यावा," अण्णा म्हणत.

मी तेव्हा खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागले होते. ऐन थंडीत बाथरूममधला गॅस गिझर बिघडला. नळ सोडला की टकटक व्हायची, ज्योत पेटायची आणि विझायची. अण्णांनी गिझर खोलला. जुन्या टूथब्रशने बर्नर घासला, बुधवार पेठेतून रबराचे सुटे भाग आणले, साबणाचं पाणी लावून गॅस गळत नाही ना ते पाहिलं. तरी ज्योत विझतच राहिली. मग त्यांची नजर खिडकीवर गेली. "वारा! हा वाराच मला फसवतोय." त्यांनी खिडकीच्या काचांवर पुठ्ठा लावून चिकटपट्टीने ती बंद करून टाकली. ज्योत टिकली. अण्णा दिवसभर गुणगुणत होते.

त्यानंतर सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं. अण्णा म्हणाले, पित्त. माझे यजमान म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, तो ठीक निघाला. मलाही ऑफिसच्या बसमध्ये गरगरायचं. मला वाटलं, नवी नोकरी, जागरणं. सगळे आपापल्या परीने गोंधळलेले होतो.

एका रविवारी आई, म्हणजे सासूबाई, आंघोळीला गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला, पण हाकेला ओ येईना. अण्णांनी धडका देऊन कडी तोडली. आई फरशीवर पडल्या होत्या, वरती गिझर छान पेटलेला. आम्ही चादरीत गुंडाळून त्यांना गॅलरीत आणलं, तिथून दवाखान्यात.

"बाथरूमला खिडकी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे. मी बंद केलीय," अण्णा म्हणाले. "पण गॅस गळत नव्हता. मी तपासलंय. वाससुद्धा नव्हता हो."

"जळताना जो विषारी वायू होतो, त्याला वास नसतो काका."

"वास नाही, तर माणसाने ओळखायचं कसं?" हे अण्णांनी डॉक्टरांना विचारलं, नर्सला विचारलं, मग मला.

संध्याकाळी आई नीट बोलू लागल्या. अण्णा पलंगाशी मान खाली घालून उभे. आई म्हणाल्या, "अहो, आयुष्यात पहिल्यांदा एक काम पूर्ण करत होतात, तेवढ्यात दार तोडलंत." मला हसू आलं. अण्णांना रडू आलं.

घरी आल्यावर त्यांनी पुठ्ठा ओरबाडून काढला आणि प्लंबरला स्वतः फोन केला. विजेचा गिझर बसेपर्यंत एकही सूचना केली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते इमारतीतली दारं वाजवू लागले. "तुमच्याकडे गॅस गिझर आहे? खिडकी उघडी ठेवा. माझ्या हातून माझी बायको गेली असती." लोक बुचकळ्यात पडत. कुणी चहा विचारी, कुणी दार लोटून घेई. यजमान चिडले, "अण्णा, चारचौघांत कशाला सांगता?" अण्णा म्हणाले, "नुसतं खिडकी उघडा म्हटलं तर कोण ऐकतं?" नवे भाडेकरू आले की सामान उतरायच्या आत अण्णा त्यांच्या दारात. चूक कधी कबूल न करणारा हा माणूस तीच एक चूक घरोघरी का सांगत फिरतो, हे मला तेव्हा उमगत नव्हतं. आजही पूर्ण उमगलंय असं नाही.

काही वर्षांनी अण्णा हृदयविकाराने गेले. भेटायला येणाऱ्या सगळ्यांशी आई शांतपणे बोलत होत्या. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक मुलगी ऑफिसची बॅग पाठीवर घेऊनच आली. दारात घुटमळत म्हणाली, "वो खिडकीवाले अंकल... नाम तो मुझे पता नहीं."

आईंनी तिला जवळ बसवलं. "खिडकी खुली रखती है ना?"

"हां आंटी. रोज."

तेव्हा आई पहिल्यांदा रडल्या.