भागूआत्तीचा पासपोर्ट

खंडेनवमीला आमच्या भागूआत्तीच्या पूजेत एक वस्तू असायची, जी अख्ख्या कडेगावात दुसऱ्या कुणाच्या पूजेत नसायची. पाटावर विळा, खुरपं, ऊस तोडायचा कोयता, कुळवाची फास. शेजारी तिच्या नवऱ्याचा पलटणीतला पितळी बक्कलाचा पट्टा. आणि सगळ्यांच्या मधोमध झेंडूच्या फुलाखाली एक गडद निळं पुस्तक. भारत सरकारचा पासपोर्ट. आत्ती आधी हत्यारांना हळदीकुंकू वाहायची, मग पुस्तकावरच्या राजमुद्रेला वाहायची आणि शेवटी पुस्तक उघडून, कुंकवात बुडवलेलं ओलं बोट आतल्या पानावर हलकेच टेकवायची. हात जोडून म्हणायची, "असाच ऱ्हा बाबा."

भागूआत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा महायुद्धात मुंबईहून बोटीत बसून गेला, तो परत आलाच नाही. पट्टा तेवढा आला. आत्ती माहेरी परतली तेव्हा आमची आजी धाकट्या शंकरकाकाला जन्म देऊन देवाघरी गेली होती. ते तान्हं पोर आत्तीनं पदराखाली घेतलं आणि वाढवलं. शंकरकाका तिला आक्का म्हणायचा, पण आईला मारतात तशी हाक मारायचा.

हा काका मिरजेच्या एका कारखान्यात फिटरचं काम शिकला आणि कुणा कंत्राटदाराच्या ओळखीनं आफ्रिकेत मोंबासाला बंदरावरच्या वर्कशॉपात लागला. एकदा सुटीवर आला तेव्हा आत्तीला सांगलीला नेऊन फोटो काढला आणि खटपट करून तिचा पासपोर्ट करून दिला. जाताना म्हणाला, "आक्का, बोटीनं ये एकदा. समुद्र दावतो तुला."

"येते की," आत्ती म्हणाली. "ह्यो ऊस गेला की येते."

ऊस गेला. मग दुष्काळ आला. मग म्हैस गाभण राहिली. मग माझं लग्न निघालं. दर वर्षी काकाचं पत्र यायचं आणि दर वर्षी आत्ती मला उत्तर सांगायची, "लिव, पासपोर्ट हाय माज्याकडं. त्यो कुठं पळून चाललाय व्हय?" मला वाटायचं, बाईला घर सोडवत नाही. बोटीनं गेलेल्या माणसाची वाट तिनं किती वर्षं पाहिली होती, याचा हिशेब माझ्या डोक्यात कधी आला नाही. माझं डोकं तेव्हा विश्रामबागच्या पाटबंधारे कचेरीत कारकुनी करत होतं, आणि तिथंही त्याला फारसं काम नव्हतं.

पासपोर्टचा उपयोग मात्र आत्ती घरबसल्या पुरेपूर करायची. भावकीत बांधावरून भांडण झालं की कमरेवर हात ठेवून म्हणायची, "लय बोलू नगासा. माज्याकडं पासपोर्ट हाय, म्हाईत हाय न्हवं?" समोरचा खरोखर गप्प बसायचा. पासपोर्ट म्हणजे नेमकं काय हे त्याला माहीत नसायचं, पण सातबाऱ्याहून जबर काहीतरी असणार, एवढं कळायचं. माझ्या बायकोवर, शालनवर रुसली तरी तीच धमकी. "आमटी अशीच अळणी करणार असशील तर मी बोटीत बसते बग."

मग एका दिवाळीनंतर काकाचं पत्र आलं. अक्षर दुसऱ्याचं होतं. वर्कशॉपात लोखंडाचा कीस उडून एक डोळा गेला होता, दुसऱ्यावर पडदा चढत होता. डॉक्टर म्हणत होता, ऑपरेशन करू, पण खात्री देत नाही. खाली लिहिलं होतं, "ऑपरेशनच्या आधी आक्काला एकदा बघायचं आहे. तिकिटाचे पैसे बोटीच्या कंपनीत भरलेत, इकडचा परवाना केलाय. ही बोट चुकली तर पुढची कधी, सांगता येत नाही. बोटी कमी होत चालल्यात."

मी पत्र वाचून दाखवलं. आत्ती शेंगा फोडत होती. तिनं सूप बाजूला सारलं, उठली, ट्रंकेतून पासपोर्ट काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"चल."

"कुठं?"

"मोंबासाला. तू बोटीपतोर चल, म्होरं माजी मी जाते."

मी पुस्तक उघडलं. सरकारी नोकर असल्यामुळं आधी तारीख बघायची मला खोड आहे. बघितली, पुन्हा एकदा बघितली.

"आत्ती, ह्याची मुदत संपलीय."

"कसली मुदत?"

"पासपोर्टची. मागच्या वर्षीच संपली."

"आरं, सातबारा कवा संपतो व्हय? रेशनकार्ड संपतं व्हय? सरकारनं एकदा दिलं ते दिलं."

"ह्याला मुदत असते आत्ती. ती वाढवून घ्यावी लागते."

तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हंजी औंदाच्या नवमीला मी मेलेल्याची पूजा केली व्हय रं?"

मला हसू आलं होतं, ते गिळलं. तिचे डोळे भरले होते. "शंकऱ्या डोळं उघडं ठिवून बसलाय माज्यासाठी," ती म्हणाली, "आन् मी इकडं म्हशीची वेतं बगत बसली."

घरच्यांचं मत एकच. दत्ता सरकारात आहे, दत्ता करून आणेल. आता पाटबंधाऱ्याच्या कारकुनाचा पासपोर्टशी संबंध पाण्यापुरता. पण नाही म्हणायची सोय नव्हती. मी रजा टाकली आणि मिरजेहून आम्ही तिघं मुंबईला निघालो. आत्ती, मी आणि शालन. शालनला मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "साहेबापुढं तुमचा आवाज मांजरावानी हुतो. कुणीतरी बोलाय नको का?" आत्तीनं बरोबर शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, भाकरीची चवड आणि काकासाठी गुळाची ढेप घेतली होती. मुदत वाढेल की नाही याची शंका गुळाला नव्हती.

पासपोर्ट कचेरीत खिडकीवरच्या माणसानं पुस्तक उघडलं, फोटोकडं बघितलं, आत्तीकडं बघितलं आणि आम्हाला आत साहेबाकडं पाठवलं. साहेब पिकल्या केसांचे, मराठीच होते. त्यांनी तो फोटो खिडकीच्या उजेडात धरला. काळ्यापांढऱ्या फोटोतल्या आत्तीच्या कपाळावर, बरोबर दोन भुवयांच्या मध्ये, रुपयाएवढा लालभडक टिळा होता. वर्षावर वर्षं त्याच जागी कुंकू बसून तो कागदात मुरला होता.

"बाई, या फोटोतल्या बाईला कुंकू आहे. तुम्हाला नाही. ही तुम्हीच कशावरून?"

"मीच हाय की साहेब. नाक बगा."

"मग हे काय?"

"ते खंडेनवमीला लावलंय म्या."

"पासपोर्टला?"

"मंग? वर राजमुद्रा हाय त्याच्या. विळ्याकोयत्याला लावायचं आन् सरकारला न्हाई लावायचं व्हय?"

साहेब हसले नाहीत. ते नियम सांगू लागले. फोटो खराब झाला म्हणजे पासपोर्ट खराब झाला. मुदत वाढवता येणार नाही. नवा अर्ज करायचा, तो सांगलीला पोलीस चौकशीला जाईल, परत येईल. बोट मात्र त्याच आठवड्यात सुटत होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि शालन म्हणाली होती तसाच आवाज निघाला. शेवटी तीच बोलली. काकाचं पत्र तिनं साहेबांपुढं ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, त्यांचं डोळं हायत तवर पोचाय पायजे ओ."

साहेबांनी पत्र वाचलं. मग शिपायाकडून थोडा कापूस मागवला, पाण्यात बुडवला, पिळला. "बघू, पुसलं जातंय का. वरचं निघालं आणि चेहरा दिसला तर काहीतरी करता येईल."

कापूस फोटोजवळ गेला आणि आत्तीनं पटकन पुढं होऊन फोटोवर हात ठेवला. साहेबांच्या टेबलावर, सरकारी कागदांवर, तिचा तो शेंगा सोलून भेगाळलेला हात.

"नगं साहेब. कपाळाचं एकदा पुसलंय माज्या. सोळा वर्साची हुते. आता दुसऱ्या बारीला नगं."

दर वर्षी, चष्म्याशिवाय, अंदाजानं टेकवलेलं ते बोट नेमकं कपाळावरच कसं पडायचं, हे मला तेव्हा कळलं. शालननं पदर तोंडाला लावला होता.

साहेबांनी कापूस बाजूला ठेवला. पुस्तकाचं पान उलटून बराच वेळ वाचत बसले. त्यात माणसाच्या ओळखीच्या खुणा लिहायची एक जागा असते. आत्तीच्या त्या जागेत काही नव्हतं. साहेबांनी पेन उघडलं आणि तिथं इंग्रजीत लिहिलं. कपाळावर लाल खूण. खाली सही केली, मुदत पाच वर्षांनी वाढवल्याचा शिक्का मारला आणि पुस्तक आत्तीच्या हातात देऊन म्हणाले, "बाई, बंदरावर फोटो आणि माणूस जुळवून बघतात. खूण लिहिलीय, तर खूण दिसली पाहिजे. एवढं तुमचं तुम्ही बघा."

बाहेर पायऱ्यांवर मी आत्तीला त्याचा अर्थ सांगितला. तिनं पासपोर्ट पदरात गुंडाळला.

बोटीच्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी. हमाल, पेट्या, रडारड. आत्तीनं समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघितला आणि म्हणाली, "लय पानी हाय रं. तुज्या हापिसला ठावं हाय का?" मग ती एका पेटीवर बसली, शालनला जवळ बोलावलं आणि तोंड वर केलं.

"लाव गं."

शालनजवळ करंडा होता, पण तिचा हात उठेना. "आत्ती, मी कशी लावू? गावात कळलं तर काय म्हणतील?"

"तू कुठं लावतीस? सरकार लावतंय. लिवून दिलंय न्हवं? सरकारचं मोडाय मी काय येडी हाय?"

शालननं लावलं. तिचा हात थरथरत होता, त्यामुळं टिळा जरा वाकडा आला. आत्तीनं आरसा मागितला नाही. पदर सावरला, गुळाची ढेप उचलली आणि जिन्यावरून अशी चढली, जशी रोज चढत असावी. वर पोचल्यावर मात्र कठडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. ती आमच्याकडं बघत नव्हती. पाण्याकडं बघत होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी याच पाण्यावरून गेलेल्या कुणाशी तिचं काही बोलणं चाललं असावं.

पावसाळ्याच्या तोंडाला ती परत आली. मोंबासाचं वर्णन ती एवढंच करायची, "नारळ लय. मानसं चांगली. आमटी अळणी." काकाच्या भेटीचं मात्र मी तिच्याकडून अनेकदा ऐकलं, आणि प्रत्येक वेळी ती तिथंच थांबायची. "शंकऱ्या धक्क्यावर हुबा. एका डोळ्यानं बगतोय. मी म्होरं गेली तर मला वाट देतो बाजूला हून. म्हनलं, आरं मुडद्या, आक्का हाय मी. तर माज्या तोंडाकडं बगत ऱ्हायला, आन् मला म्हनतो, आक्का, तुला अशी मी कवाच बगितली न्हवती." काकाचं ऑपरेशन पुढं साधलं नाही. अंधार झाला. पण त्या अंधारात त्याच्याजवळ आक्काचा जो चेहरा राहिला, तो कुंकवासकट राहिला.

आम्हाला वाटलं होतं, गावी आल्यावर आत्ती कपाळ पुसेल. एस्टीतून उतरली तीच टिळा लावून. भावकीतल्या बायका पाणवठ्यावर कुजबुजल्या, एका म्हाताऱ्या चुलतीनं तर घरी येऊन तोंडावर विचारलं. आत्तीनं शांतपणे ट्रंक उघडली, पासपोर्ट काढला, ते इंग्रजी पान तिच्यापुढं धरलं. "सरकारी खूण हाय ही. मुदत हाय तवर लावाय लागतीया." चुलतीला वाचता येत नव्हतं, आत्तीलाही येत नव्हतं. पण शिक्का दोघींना दिसत होता.

त्यानंतर दर संक्रांतीला ती मला विचारायची, "दत्ता, मुदत कवा संपती रं?" मी सांगायचो, "अजून लय हाय आत्ती." ती मान हलवायची आणि कामाला लागायची.

आत्ती गेली ती ऊसतोडीच्या दिवसांत, भर दुपारी, दोन दिवसांच्या तापानं. अंगणात बायका जमल्या. न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं. तीच म्हातारी चुलती ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसायला वाकली. रीत म्हणून. वाईट मनानं नव्हे.

शालन घरात गेली, ट्रंक उघडून पासपोर्ट घेऊन आली. दारात उभी राहून तिनं ते पान काढलं, मला जवळ बोलावलं आणि तारखेवर बोट ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वाचा हो. संपलीय का मुदत?"

मी तारीख वाचली. साहेबापुढं न फुटलेला आवाज त्या दिवशी कुठून आला कुणास ठाऊक.

"न्हाई," मी म्हणालो. "अजून हाय."

चुलतीनं फडकं मागं घेतलं. शालननं करंडा उघडला, आणि या वेळी तिचा हात थरथरला नाही.