ब्याऐंशी किलोची हवा

दामिनीला शॉकपचं कानाने कळायचं. सायकल दगडावरून उतरली की धक्के झेलणारा पुढचा शॉकप किती दबला आणि मागचा किती, हे ती पाठ फिरवून उभी असली तरी सांगायची. ही विद्या बापाची. रामाजीचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान नरखेड तालुक्यातल्या एका गावात, एसटीच्या थांब्यासमोर. बागांतले रस्ते म्हणजे नुसते खड्डे, त्यावरून लोक संत्र्याच्या पेट्या बांधून गाड्या पळवणार, म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली, शॉकप गेला. आठवीतली पोर मांडी घालून शॉकपचं सील बदलत बसायची. आई मनकर्णा कपाळाला हात लावायची. "हिले कोण पसंत करन वं? नखात बारमाही ऑइल!" रामाजी म्हणायचा, नाही केलं तं नाही केलं, पोरगी उपाशी तं नाही मरत.

नाहीच मेली. चोविसाव्या वर्षी ती नागपुरात धरमपेठेतल्या शरच्चंद्रच्या, म्हणजे साऱ्यांच्या शरदच्या, सायकलच्या दुकानात लागली. हे दुकान म्हणजे आपलं पंक्चर-हवावालं नव्हे बरं का. इथे काचेच्या दारामागे अशा सायकली उभ्या असतात की त्यांना हात लावायच्या आधी माणूस हात पँटला पुसतो. चार वर्षं झाली, तरी कागदावर दामिनी हेल्परच. कुणाच्याही सायकलचा शॉकप उघडायचा झाला की हाक तिलाच, आणि काम झालं की सायकल गिऱ्हाइकासमोर घेऊन जाणार शरद. गिऱ्हाईक म्हणणार, वा शरद, काय हात आहे तुझा! शरद नुसता हसणार.

त्याला एकच तोड होती, पुणं. तिथे पंधरा दिवसांचं शॉकपचं प्रशिक्षण असायचं आणि दुकानातून एकालाच जाता यायचं. ते करून आलं की भिंतीवर स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र, आणि शॉकपच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा. दामिनीला ते इतकं हवं होतं की रात्री झोपेत ती भिंतीवरची जागा ठरवायची. शरदने कबूल केलं होतं, "येत्या रविवारी टेकडीवरचं सारं तू सांभाळ, मग तुझंच नाव देतो."

रविवारी दोन नव्या एंड्युरो सायकलींची परीक्षा होती. एंड्युरो म्हणजे आपल्या पायांनी टेकडी चढायची आणि मग डोकं फिरल्यासारखं दगडधोंड्यांतून खाली सुटायचं. घड्याळ लावतात ते उतरणीला. म्हणजे सायकल चढायला चपळ हवी आणि उतरायला मऊ हवी, आणि हे दोन्ही एका सायकलीत बसवताना भल्याभल्या कंपन्यांच्या नाकी नऊ येतात. दुकानात दोन आल्या होत्या, एक राखाडी, एक शेंदरी. दोहोंतली कुठली दुकानाने ठेवायची, हे रविवारी सायकलीवर फिरणारी मंडळी चालवून ठरवणार होती. त्यांचा म्होरक्या डॉक्टर सुमंत, दातांचे डॉक्टर. धरमपेठेत दवाखाना, गळ्यात गॉगल, जिभेला हाड नाही.

कळमेश्वरच्या पलीकडे एक मुरमाड टेकडी आहे. सकाळी सातला टेम्पोतून सायकली उतरल्या. सुमंत डॉक्टरांनी व्हिडिओ पाहून पाहून आधीच निकाल लावून टाकला होता, शेंदरीच. दामिनीला कुणी विचारलं नव्हतं, पण शरदने हौसेने पुढे केलं. "सांग वं, तुले काय वाटते?"

दामिनी मांडी घालून बसली आणि राखाडीच्या मागच्या चाकापाशी बोट नेलं. याचं चाक चार छोट्या दांड्यांवर टांगलंय, म्हणाली. पायडल मारताना सायकल डुलत नाही, ब्रेक दाबला तरी मागचं चाक मऊच राहतं. शेंदरीच्या मागच्या चाकाचा सांधा बराच वर आहे. चाक दगडावर आदळलं की नुसतं वर न जाता मागेही सरकतं, म्हणून दगड लागतच नाही. पण त्यासाठी साखळी एका जास्तीच्या चकरीवरून फिरवलीय. चढताना ती गुरगुरते आणि पाय खाते, अन् दाटीच्या वळणावर सायकल लांब वाटते. आपल्या इथला दगड काळा, धारदार, म्हणून उतारापुरती शेंदरीला तोड नाही. पण टेकड्या बुटक्या, घडीघडी चढउतार. "दिवसभर चालवायची तं राखाडी बरी," असं ती म्हणाली.

मंडळी जवळ सरकली. एकाने तर हे मोबाइलमध्ये टिपून घेतलं. सुमंत डॉक्टरांच्या व्हिडिओंचा पार चोथा झाला होता, आणि तेही हेल्पर मुलीकडून. बायको नूपुर शेजारीच उभी, तीही मान डोलवत होती.

मग सेटिंग आलं. या शॉकपमध्ये स्प्रिंग नसते, हवा असते, आणि ती चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरावी लागते. दामिनीच्या हातात कार्डं होती. नाव, वजन, हवा, खाली सही. तिने विचारलं, "सर, वजन?"

"ब्याऐंशी."

तिने तेवढ्याची हवा भरली. ते सायकलवर बसले, उतरले. शॉकपच्या चकचकीत दांड्यावर एक रबराची रिंग असते. माणूस बसला की ती सरकते आणि उतरल्यावर तिथेच राहते. रिंगला भीड नाही की मुर्वत नाही. ती पार टोकाला जाऊन बसली होती.

"सर, रिंग तं पंच्याण्णव सांगून राहिली," दामिनी म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं हो! तिच्या दृष्टीने तो एक आकडा होता, टायरमधल्या हवेसारखा. पण नूपुरला हसू फुटलं. "अगं बाई! आणि मला रोज भोपळ्याचं सूप करायला लावतात!" मग सगळेच हसले, पोट धरधरून.

सुमंत डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस बायकोवर चिडला की सापडेल त्याला झोडपतो, आणि सापडली ही. "सांगून राहिली का?" त्यांनी ओठ मुरडून तिची नक्कल केली. "काहून सांगून राहिली वं? संत्र्याच्या पेट्या मोजते का रिंग तुई?" मंडळी पुन्हा हसली, आणि ह्या वेळी कुणावर हसायचं ते बदललेलं होतं. डॉक्टरांना चेव चढला. "शॉकप! ऐका, शॉकप म्हणते ही. सस्पेन्शन म्हण, सस्पेन्शन. येतं का म्हणता? म्हण बघू एकदा." आणि खरोखर सगळे तिच्याकडे पाहत थांबले. दामिनीने म्हटलं. तिच्या तोंडून ते "सस्पेन्सन" असं आलं. एकजण तर हसता हसता टेम्पोला टेकला. "हात बघा हिचे! असल्या हातांनी ही आपल्याला शिकवणार, आणि शरद हिला पुण्याला पाठवतोय म्हणे. पुणेकर उभी करतील का रे हिला दारात?"

दामिनीने शरदकडे पाहिलं. चार वर्षं ज्याची लाज हिने आपल्या हातांनी राखली, तो शरद हसत होता. मोठ्याने नाही, गिऱ्हाइकापुरतं. मग म्हणाला, "सर म्हणतात ते लिही ना वं चुपचाप. पुण्याचं पाहू नंतर." तिने ब्याऐंशी लिहिलं, हवा ब्याऐंशीचीच ठेवली, डॉक्टरांनी ऐटीत सही ठोकली. तिचे कान इतके तापले होते की हेल्मेटचा पट्टा लावून देताना तिला बकल दिसेना.

पहिली फेरी राखाडीवर, सोप्या वाटेने झाली. तरी एका दगडावरून उतरताना मागून "ठक्" असा आवाज आला. शॉकप पार तळाला आपटला की येतो तसा. बाकी कुणाला कळलं नाही. दामिनीला कळलं आणि डॉक्टरांना बसलं.

दुसरी फेरी शेंदरीवर, आणि वाट अवघड होती. मध्ये छातीएवढ्या उंचीची एक पायरी, तिच्यावरून सायकलसकट उडी घ्यायची, खाली सपाट काळा दगड. सगळे पाणी पीत असताना सुमंत डॉक्टर टेम्पोच्या मागे आले. दामिनी एकटीच शेंदरीला हवा भरत होती, ब्याऐंशीची, कार्डाप्रमाणे. डॉक्टर खाली वाकले आणि तिच्या कानाशी पुटपुटले, "पंच्याण्णवचं कर. कुणाला बोलू नकोस."

"हो सर," दामिनी म्हणाली.

तिने त्यांच्यादेखत पंप लावला, दांडा वरखाली केला, काटा वर चढलेला त्यांना दिसला. ते समाधानाने निघून गेले. मग दामिनीने पंपाचं बटण दाबलं आणि हवा फुस्स करून परत सोडून दिली. आधी मागची, मग पुढची. काटा ब्याऐंशीच्या खुणेवर आला, तिथे नीट थांबवला.

आता कुणी म्हणेल, पोर होती, रागात होती, पुढचं तिला सुचलं नसेल. काही सांगू नका! आठवीपासून जिने शॉकप उघडले तिला नाही सुचणार? पायरी तिने पाहिली होती, दगड पाहिला होता. आपटू दे एकदा, दात वाजू दे त्याचे, असं तिच्या मनात आलं, आणि दात वाजण्यावरच थांबेल असं तिने स्वतःला सांगितलं. तिला ते पटलं नव्हतं, तरी ती उतरून पायरीच्या खालच्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिला ऐकायचं होतं.

डॉक्टर आले ते झोकात. पायरीवरून सुटले, आणि पुढचं चाक दगडाला लागताच पुढचा शॉकप पूर्ण बसला. लोखंडावर घण पडावा तसा आवाज झाला. सायकल पुढच्या चाकावर उभी राहिली आणि डॉक्टर हँडलवरून दोन्ही हात पुढे करून दगडावर पडले. त्या आवाजाने दामिनीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, क्षणभर अगदी पोटातून बरं वाटलं. मग डॉक्टरांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला आणि मनगट भलतीकडेच वळलं, तेव्हा ती पळत गेली.

हॉस्पिटलात शरदने पहिली गोष्ट काय केली असेल, तर सेटिंगचं कार्ड शोधलं. वजन ब्याऐंशी, खाली डॉक्टरांची सही. त्याचा जीव भांड्यात पडला. मंडळीत बातमी फिरली, गडी स्वतःच्या खोट्या वजनाने पडला. दामिनीवर कुणाचा संशयसुद्धा गेला नाही. जायचा तर डॉक्टरांनी तोंड उघडायला हवं होतं, आणि त्यासाठी टेम्पोमागे आपण काय कबूल केलं तेही सांगावं लागलं असतं. ते म्हणाले, दगड निसरडा होता. तीन शस्त्रक्रिया झाल्या. डावा हात सुधारला, पण पकड येईना. उजवं मनगट काही वळेना, आणि ज्या मनगटाला दातातली कीड कोरायची असते ते न वळून कसं चालेल? डॉक्टरांचा दवाखाना तीन महिने बंद होता, चौथ्या महिन्यात पाटी उतरली.

पाटी उतरल्याचं दामिनीने स्वतः पाहिलं, दुकानात येताना. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शरद म्हणाला, चल, डॉक्टरांना भेटून येऊ, बरं दिसते.

सुमंत डॉक्टर खिडकीपाशी बसले होते. चांगलेच उतरले होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, नूपुर चहा करायला आत गेली, शरद फोन आला म्हणून गॅलरीत गेला. खोलीत दोघंच उरली.

"मी तुला सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"हो सर."

"पंप लावलेला पाहिला मी."

"लावला. मंग सोडली हवा."

"का?"

दामिनीला वाटलं होतं, आपण पाय धरू, रडू. चार महिन्यांचं रडू साठलेलं होतं. पण त्या "का"ने तिला रागच आला. "तुम्ही मले हसले, ते साऱ्यांच्या समोर," ती म्हणाली. "अन् खरं बोलाची वेळ आली तं कानात येऊन बोलले. काहून सर? तेही साऱ्यांसमोर बोलले असते, तं मी जीव लावून भरली असती हवा."

 तेवढ्यात चहा आला, गॅलरीतून शरद आला. नूपुरने कप नवऱ्याच्या तोंडाशी धरला, एक घोट पाजला, हनुवटी पुसली. दामिनीच्याने ते बघवेना.

"शरद, बस," डॉक्टर एकदम मोठ्याने म्हणाले. "पुण्याला कोणाला पाठवतोयस?"

"कुठे काय ठरलं अजून, पाहू..."

"हिला पाठव. मी सांगतो म्हणून पाठव. त्या दिवशी हिने मी म्हटलं तस्संच केलं. एवढी चोख मुलगी तुला मिळायची नाही." हे सगळं ते शरदशी बोलत होते आणि बघत होते दामिनीकडे. नूपुरचे डोळे भरून आले. तिने दामिनीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. ह्यांचं ह्यांनी ओढवून घेतलं. तुझी काय चूक?"

डॉक्टर अजून बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं तिला, सगळे समोर होतेच. हवा मी सोडली, एवढंच.

"थँक्यू सर," दामिनी म्हणाली.

सुमंत डॉक्टर हसले, अगदी मनापासून, मान मागे टाकून. नूपुर म्हणाली, "बघा, किती दिवसांनी हसले." शरदने तिथल्या तिथे फोन काढला. पुण्याच्या माणसाला म्हणाला, हो, नाव पक्कं झालं आपलं, लिहून घ्या. मग दामिनीकडे वळून त्याने विचारलं, पूर्ण नाव काय वं तुझं? आणि ते तिने सगळ्यांच्या समोर, मोठ्याने, स्पष्ट सांगितलं.