भिंतीवरची सात माणसं

त्यांचं खरं आडनाव वस्तीत चार जणांनाही धड ठाऊक नव्हतं. फरशी बसवायला गेले की ते आधी पिशवीतून पाणसळ काढत. काचेच्या नळीतला तो बुडबुडा मधोमध येईपर्यंत पुढची फरशी लागत नसे, मग घरमालक कितीही घाई करो. पस्तीस वर्षं हे चाललं, तेव्हा लोक त्यांना पाणसळेच म्हणू लागले. शहराच्या कला निधीचं पत्र आलं तेही ‘श्री. पाणसळे यांस’ असंच. बायको म्हणाली, “आता कागदोपत्रीही बदलून घ्या. तेवढंच राहिलंय.”

आयुष्य लोकांच्या घरात गुडघ्यांवर रांगण्यात गेलं होतं. साठीला टेकले तेव्हा गुडघे कामातून गेले होते आणि हातात छोटीमोठी कामंच उरली होती, कुठे मोरी, कुठे ओटा. त्यामुळे निधीचं काम तसं वेळेवर आलं. काम होतं भिंतीचं. बंद पडलेल्या रंगकारखान्याची चाळीस पावलांची भिंत वस्तीच्या मुख्य रस्त्याला लागून होती, मळकी, जाहिरातींचे फाटके कागद चिकटलेली. तिच्यावर काय काढायचं ते वस्तीनं ठरवायचं, काम वस्तीतल्याच माणसानं करायचं, आणि प्रत्येक निर्णयाला सभा नि सह्या, अशी निधीची अट. समिती झाली. तिचा प्रमुख झाला कोपऱ्यावरचा शिंपी. निधीकडून एक मुलगी दर आठवड्याला यायची. तिला सगळे निधीताई म्हणायचे.

निधीच्या अर्जात एक प्रश्न होता : ‘या कलाकृतीमुळे वस्तीच्या आनंदात कशी भर पडेल, ते शंभर शब्दांत लिहा.’ शिंपी पेन तोंडात धरून बराच वेळ बसला आणि म्हणाला, “एवढा आनंद आणायचा कुठून?”

पहिल्या सभेत कुणी पक्षी सुचवले, कुणी मासे, कुणी नुसती फुलं. मग शिंपी उभा राहिला. तो फार बोलणारा माणूस नव्हता.

“त्या भिंतीच्या पलीकडं आपली सात माणसं गेली,” तो म्हणाला. “अकरा वर्षं झाली. त्यांची नावं कुठंही लिहिलेली नाहीत. मासे काय, कुठंही काढता येतील.”

सगळ्यांना ठाऊक होतं. कारखान्याचा बॉयलर फुटला तेव्हा शिंप्याची बायको रंगखात्यात होती. कुणाचा मुलगा गेला, कुणाचा बाप. मग हात वर झाले, सगळेच. फुटक्या फरशांच्या तुकड्यांतून सात माणसं उभी करायची, माणसाच्या उंचीची, जशी कामावर जायची तशी. करणार कोण, हे विचारावंही लागलं नाही. सगळ्यांची तोंडं पाणसळ्यांकडे वळली.

ते हो म्हणाले. नाही म्हणायला त्यांना जागाच नव्हती. कारण त्या दिवशी माणसं आठ गेली होती. आठवा त्यांचा धाकटा भाऊ. बॉयलरवर तोच होता, आणि चौकशीच्या कागदात दोष त्याच्या नावावर लिहिलेला होता. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. तेव्हापासून वस्ती मोजायची तेव्हा सातच मोजायची.

दुसऱ्या दिवशी भावजय आली. मागच्या गल्लीत दोन खोल्यांत ती आणि तिची मुलगी राहत. ती एका दवाखान्यात चादरी धुण्याच्या कामावर होती, हात कायम पांढरे पडलेले. ती उंबऱ्यातच थांबली.

“भाऊजी, सातच का?”

पाणसळे फरशांचे नमुने लावत होते. “सभेत तसंच ठरलं.”

“तुम्ही होतात ना सभेत?”

“होतो.”

“आणि काहीच बोलला नाहीत?”

बायको मधे पडली. “अगं, आत तरी ये. त्यांनी काय बोलायचं? सगळी वस्ती एका बाजूला.”

“म्हणूनच बोलायचं,” भावजय म्हणाली आणि निघून गेली.

काम सुरू झालं. फरशीच्या दुकानदारांनी तुटके तुकडे पोत्यांनी दिले. शिवाय प्रत्येक घरानं आपल्या माणसाची एखादी वस्तू द्यायची असं ठरलं होतं, चिनी मातीची, काचेची, जी फोडून चित्रात बसवता येईल. शिंप्यानं बायकोची निळी बशी आणली. कुणी बाटली दिली, कुणी बांगड्या. एक म्हातारी आली. तिला सगळे आजी म्हणत. तिचा एकुलता एक मुलगा त्यात गेला होता, लग्न ठरलेला. तिनं पदराखालून पिवळा चहाचा कप काढला, कान उडालेला.

“तोंड धुतल्याबरोबर यातूनच प्यायचा,” ती म्हणाली. “हे फोडायलाच हवं का रे?”

“न फोडताही बसवता येईल, आजी. पण भिंतीतून बाहेर येईल. येणाराजाणारा धक्का देईल, कुणीतरी काढून नेईल.”

तिनं कप त्यांच्या हातात दिला, पाठ फिरवली आणि कानांवर हात ठेवले. पाणसळ्यांनी तो पोत्यात गुंडाळला आणि हातोडीचा एकच ठोका घातला, अगदी हलका. आवाज झालाच. म्हातारीचे खांदे हलले. त्या पिवळ्या तुकड्यांचा त्यांनी मुलाचा सदरा केला. एकही कपची वाया जाऊ दिली नाही.

चार आकृत्या उभ्या राहिल्या तेव्हा भावजयीनं निधीताईला गाठलं. काय बोलली ते तीच जाणे. पण पुढच्या आठवड्यात निधीताईनं समितीला सांगितलं की हरकत आलेली आहे, तिच्यावर सभा घ्यावी लागेल. सभेच्या निर्णयाची प्रत सह्यांसकट महिनाअखेरीला पोचली नाही, तर निधीचा पुढचा हप्ता दुसऱ्या वस्तीला जाईल.

शिंपी थेट भिंतीपाशी आला. दोघं एका बाकावर शिकलेले, एकमेकांच्या लग्नांत राबलेले.

“तूच पाठवलंस ना तिला?”

“नाही.”

“खोटं बोलू नकोस. मी रोज दुकान उघडतो ते या भिंतीच्या समोर. माझ्या बायकोच्या शेजारी तुझ्या भावाचं तोंड बघायचं मी? रोज?”

“मी नाही पाठवलं,” पाणसळे म्हणाले. “मी पाठवायला हवं होतं.”

शिंप्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडून गेला. दोन दिवसांनी तो पाणसळ्यांचा शिवायला टाकलेला कोट अर्धवटच परत पाठवून मोकळा झाला.

सभा रविवारी दुपारी वाचनालयाच्या खोलीत भरली. खुर्च्या संपल्या, लोक खिडकीबाहेरून ऐकत होते. भावजय पुढच्याच रांगेत मुलीला घेऊन बसली होती. ती सरळ बोलली. तिचा नवराही त्याच भिंतीपलीकडं गेला, तोही याच वस्तीचा होता, आणि भिंत जर वस्तीची असेल तर त्याची जागा कुठं आहे ते सांगा. कुणीतरी मागून म्हणालं, “बॉयलर कुणाच्या हातात होता, तेही सांगा की.” मुलीनं मान खाली घातली.

तेव्हा पाणसळे उठले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

“वाफ फार झाली की आपोआप उघडणारी एक झडप असते,” ते म्हणाले. “ती सारखी उघडायची, काम थांबायचं. म्हणून साहेबानं ती तारेनं बांधायला लावली होती. भावानं मला सांगितलं होतं. महिनाभर आधी. म्हणाला, दादा, मला भीती वाटते, मी हे काम सोडतो. मीच म्हणालो सोडू नकोस. पोरगी लहान आहे, दुसरं काम मिळेपर्यंत कळ काढ. तो माझं ऐकायचा. दोष द्यायचाच असेल तर मला द्या. त्याला भिंतीवर घ्या.”

त्यांना वाटलं होतं, सांगून टाकलं की काहीतरी सुटेल. आजी बसल्या जागेवरून बोलली, अगदी सावकाश.

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“हो, आजी.”

“महिनाभर.”

“हो.”

“माझा मुलगा त्याच पाळीत जायचा. रोज तुझ्या दारावरून जायचा. तू त्याला हटकून चेष्टा करायचास, नवरदेव म्हणून.” ती थांबली. “एका शब्दानं बोलला नाहीस.”

भावाला नोकरी सांभाळायला सांगताना बाकीच्यांचा विचारच त्यांच्या मनात आला नव्हता. हे खरं होतं आणि सांगण्यासारखंही नव्हतं. ते तसेच उभे होते, मग कुणी बस म्हणालं नाही तरी बसले.

मतं घेतली. एकेचाळीस विरुद्ध, एकोणीस बाजूनं. आठवा माणूस भिंतीवर येणार नाही. निधीताईनं ते लिहून घेतलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण निर्णय वस्तीचा, असंच तिच्या निधीचं धोरण होतं. मग शिंपी म्हणाला, “आणि पुढचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ.” त्यावर मतं घ्यावी लागली नाहीत.

बाहेर पडताना भावजयीनं त्यांना जिन्यात अडवलं. पाणसळ्यांना वाटलं, निदान ही तरी.

“ते सोडणार होते, हे मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, ते निष्काळजी होते. अकरा वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले, भाऊजी. अकरा वर्षं तुम्ही माझ्या घरी येऊन चहा पीत होतात.”

ती मुलीचा हात धरून खाली उतरली.

पुढचे दिवस पाणसळे घरातच बसले. बायकोनं समजूत काढली नाही. तिनं फक्त एकदा विचारलं, “मलाही नाही सांगितलंत?” त्यांनी मान हलवली. ती उठली आणि डाळ निवडत बसली, निवडलेलीच. बाहेर भिंतीवर चार माणसं पुरी होती, पाचव्याचे नुसते पाय. शेजारच्या वस्तीतला एक गवंडी बघून गेला आणि म्हणाला, सपाट भिंत असती तर केलं असतं, हे नाजूक काम आपल्याला जमायचं नाही. शिवाय तो वस्तीबाहेरचा, निधीला चालला नसता.

दहाव्या दिवशी सकाळी आजी दारात उभी. पाणसळ्यांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

“माझ्या पोराला पावसाचं पाणी लागतंय,” ती म्हणाली. “सांधे भरलेले नाहीत. काल एक तुकडा खाली पडला. मी उचलून आणलाय.” तिनं मूठ उघडली. पिवळी कपची होती.

“समितीनं मला—”

“समितीला मी सांगून आले. तो कप तू फोडलास. आता त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको. पुरं कर.” जाताना ती वळून म्हणाली, “मी तुला माफ केलं असं समजू नकोस.”

“नाही समजत, आजी.”

ते त्याच दिवशी थापी घेऊन गेले. दुकानातून शिंपी बघत होता, पण आडवा आला नाही. तीन आठवडे पाणसळे सकाळपासून दिवस कलेपर्यंत भिंतीपाशी असत. गुडघ्यांखाली जुनी उशी. येणारेजाणारे चित्राशी बोलत, त्यांच्याशी नाही. पूर्वी पाणी विचारणारी घरं आता दार लोटून घेत. शिंप्याच्या बायकोची आकृती त्यांनी शेवटी केली. निळ्या बशीतून तिचा दुपट्टा काढला, वाऱ्यावर जरा उडालेला. कामाला जायला तिला नेहमी उशीर व्हायचा आणि ती धावत जायची, हे त्यांना आठवत होतं. ते झालं त्या संध्याकाळी शिंपी रस्ता ओलांडून आला, चित्रासमोर उभा राहिला. मग दुकानात परत गेला आणि फळ्या लावून घेतल्या.

उद्घाटनाला भाषणं झाली. पाणसळे गेले नाहीत. निधीताई दोन दिवसांनी घरी आली, समितीनं लिहिलेला अखेरचा अहवाल घेऊन. काम करणाऱ्याची त्यावर सही लागत होती. त्यांनी चष्मा लावून वाचायला घेतलं. भिंतीची लांबी, सभा, सामान. मग शिंप्याच्या तिरक्या अक्षरात एक ओळ होती : ‘बॉयलरच्या स्फोटात आपल्या वस्तीची आठ माणसे गेली. त्यांपैकी सात भिंतीवर आहेत.’ खाली आठ नावं होती. आठवं त्यांच्या भावाचं, पूर्ण, बापाच्या नावासकट.

“हे सभेत ठरलं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” निधीताई म्हणाली. “मी त्यांना विचारलं, हे असंच ठेवायचं का. ते म्हणाले, गेली ती आठच ना. अहवालात खोटं लिहायचं नाही.”

पाणसळ्यांनी सही केली.

संध्याकाळी ते मागच्या गल्लीत गेले. सभेनंतर पहिल्यांदाच. भावजयीनं दार उघडलं, पण अर्धंच. त्यांनी बाहेरूनच सांगितलं.

“कुणी लिहिलं?” तिनं विचारलं.

“शिंप्यानं.”

आत मुलगी मोठ्यानं काहीतरी पाठ करत होती, ती थांबली.

“मला त्याची प्रत हवी,” भावजय म्हणाली.

“उद्या आणून देतो.”

“तुम्ही नका येऊ, भाऊजी. जाऊबाईंच्या हाती पाठवा.”

“बरं,” ते म्हणाले.

ती दार लावेपर्यंत ते थांबले. मग हळूहळू गल्लीतून निघाले. उद्या सकाळीच निधीताईकडे जायचं, म्हणजे दुपारच्या आत बायकोला ती प्रत घेऊन पाठवता येईल, असा त्यांनी मनाशी हिशेब केला.