सासऱ्याचा दुखणा मी लपयलंय

त्या दिवशी आमच्या खळ्यात पाच माणसा होती. माझो घोव, पोरांचो बापूस, खुर्चयेर. मी. थोरलो झील, नुकतोच होडयेवरसून इललो. चेडू, तेव्हा लग्नाचा. आणि मुंबयची एक बाई, पँटीतली, हातात वही. घोव आता नाय, बाकी सगळी आसत. मी दुसरी शिकलंय, म्हणान ह्या मी सांगतंय आणि चेडू लिवता.

घोवाचे हात कापत. शर्टाचो बटण लावक जमा नाय, पेज सांडायची, माझा नावसुद्धा इसारलो. पण फाटक्या जाळ्यार बसवलो काय हातातली सुई अशी चलायची, बघणाऱ्याक वाटात हेका काय झालाच नाय. ही गजाल कोणीतरी भायर पोचवली आणि बाई इली.

"आजी, मी मेंदूवर संशोधन करते. यांचे हात जाळं कसं विसरले नाहीत, ते मला बघायचंय."

"बघ. पण औषध देतलंस?"

"औषध नाही माझ्याकडे."

मगे इलंस कित्याक, असा मी मनात म्हटलंय.

सकाळभर तिणी तेच्या हातांचो व्हिडिओ काढल्यान. मगे वही उघडल्यान. "यांच्या वडिलांना असं काही होतं? आजोबांना? घराण्यात कोणाला?"

त्याच आठवड्यात आरोंद्याची माणसा चेडवाक बघून गेलली. पसंती होती, पण पावणे गावात चौकशी करतत, सगळेच करतत. आणि चौकशीत ह्याच इचारतत: बापूस कशान गेलो, आजो कशान गेलो. माका वाटला, हिका तेंनीच धाडल्यानी. संशोधन म्हणजे सोयरिकीची चौकशीच, पँट घालून केलली.

सासरो तसोच गेललो. हात कापत, माणसा इसारत, जाळा मात्र शेवटपर्यंत इणीत. गाव बोलायचो, देवचारान धरलो, गावच्या भुतान. आमी पण तसाच सांगायचव. देवचार वंशात येना नाय, ता बरा होता. पोरा तेव्हा ल्हान, तेंका खरा म्हायतच नाय.

"नाय," मी म्हटलंय. "हेंच्याच नशिबात इला ता. सासरो ठणठणीत होतो, म्हातारपणान गेलो."

घोव माझ्याकडे बघीत रवलो. तेका काय समाजला, देव जाणे. बाईन लिवन घेतल्यान. चेडवाचा लगीन झाला.

घोव गेल्यार बाई परत इली, छापील कागद आणि पेढे घेवन. खूश होती.

"आजी, यांच्यावरचा माझा लेख जगभरचे लोक वापरतात. आपल्या लेखात खाली माझ्या लेखाचं नाव देतात. जेवढे जास्त देतील तेवढं आमच्या कामाला वजन. त्यामुळे तर मला विभागाची प्रमुख केलंय."

"ते सगळे हंय येवन गेले?"

"ते कशाला येतील?"

"मगे तेंका कसा कळला, तू खरा लिवलंस ता?"

ती हसली. "विश्वास असतो, आजी."

माका तो इस्वास पटलो नाय. बांगडो घेताना पण माणूस कल्लो उघडून बघता, ताजो आसा काय.

झीलान इचारल्यान, "बापाशीचा काय लिवलाहा ह्यात?"

तिणी वाचून दाखवल्यान, "घराण्यात कोणालाही हा आजार नव्हता." मगे बोलली, "हेच तर महत्त्वाचं. वंशातून न आलेला आजार, म्हणून सगळे हा लेख धरतात."

मी पेढे घेवन आत गेलंय. कागद झीलान कपाटात ठेवल्यान.

ह्या वर्सा थोरल्याचो हात कापाक लागलो. तोच कागद घेवन तो गोयच्या डॉक्टराकडे गेलो. परत इलो तो हसत.

"आये, डॉक्टर बोललो, कागदात लिवलाहा वंशात नाय म्हणान. दमणूक आसतली."

"आणि औषध?"

"औषध कित्याक? तू माका आताच म्हातारो करूक निघालंस?"

तेच्या शर्टाचो बटण सुनेन लावल्यान. ता मी बघलंय.

त्याच दिवशी चेडवान फोन लावन दिल्यान आणि मी बाईक सगळा सांगितलंय. ती बोलली, "आजी, नक्की आठवतंय ना? वयामुळे कधी कधी..."

"बाये, माका सासरो आठावता. आणि खोटा बोललंय ता पण आठावता."

"बघते मी. दुरुस्ती पाठवावी लागेल. वेळ लागतो त्याला."

चेडू अधनंमधनं फोनार बाईचो लेख बघता. ओळ तशीच आसा. बाई बदलतली काय नाय, माका म्हायत नाय. तिचा पद त्या ओळीर उभा आसा. मी चेडवासाठी खोटा बोललंय, ती आपल्या पदासाठी गप रवात. आणि तिणी बदलल्यान तरी, ज्येंनी आपल्या लेखाखाली तिचा नाव लिवला, तेंका कोण सांगतलो?

झीलाक मी सांगितलंय. तिसऱ्या दिवशी तो बोललो, "सोमवारी तूय चल. डॉक्टराक तूच सांग." जातलंय.

तुमी मेंदवाचा शिकलेले असशात, आणि जाळा इणणाऱ्या ह्या म्हाताऱ्याची गजाल तुमच्या कागदात असात, तर ती ओळ खोडा. थंय लिवा: तेचो बापूस पण तसोच गेलो.