न कापलेली पानं

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मला सातवा लागला होता, तेव्हा एका कादंबरीने मला जी भीती घातली, तशी पुढे कुणीच घातली नाही. साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही कानडी मुलखात, मल्लेश्वरमला दोन खोल्यांत राहत होतो. हे सरकारी कारखान्यात इंजिनियर. सकाळी सायकलवर जायचे ते संध्याकाळी उगवायचे. दिवसभर मी, पोटातलं बाळ आणि मंडळाचं पुस्तक.

मंडळ म्हणजे इथल्या मराठी बायकांचं. त्यांनी पुण्याहून एक ट्रंकभर पुस्तकं आणवली होती. एकेक पुस्तक घरोघर फिरायचं आणि जिच्याकडे असेल तिने वाचून झालं की हळदीकुंकवाला ते पुढचीला द्यायचं. ही कादंबरी माझ्याकडे आली तेव्हा चार घरं फिरून आली होती.

पहिल्याच प्रकरणात मी दचकले. नायिका नवी नवरी, नवऱ्याबरोबर परक्या मुलखात. नवरा कारखान्यात, सायकलवर जाणारा. अंगणात पेरूचं झाड. माझ्याही अंगणात पेरू! आमच्या गल्लीत पेरू नसलेलं अंगण शोधून सापडलं नसतं, पण हे तेव्हाच्या मला, शहाणीला, कोण सांगणार? चौथ्या प्रकरणात तिला दिवस गेले. सहाव्यात कळलं की तिची आई तिच्या लहानपणीच वारलेली, म्हणून बाळंतपणाला माहेर नाही.

तिथे मी पुस्तक मिटलं. कारण माझी आईही नव्हती. धाकट्या भावाच्या वेळी ती गेली. मी नऊ वर्षांची होते. बंद दाराबाहेर बसून मी गजगे खेळत होते आणि आतून आवाज थांबला तेव्हा मला बरं वाटलं होतं, की चला, झालं एकदाचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. यांनाही नाही.

आणि मी वाचलेल्या कादंबऱ्या आठवू लागले. त्या काळच्या लेखकांची एक खोड होती. नायिकेचं पुढे काय करायचं ते सुचलं नाही की तिला बाळंतपणात मारून टाकायचं. खिडकीत तुळस, उशाशी नवरा, बाळाचं पहिलं रडणं आणि हिचा शेवटचा श्वास. लग्नाआधी असल्या शेवटांवर मी पोटभर रडले होते. आता एकेक करून त्या सगळ्या बायका माझ्या खोलीत येऊन बसल्या.

तेव्हा माझ्या डोक्याने ठरवून टाकलं, की ही नायिका वाचली तर मीही वाचेन. शिकलेली मुलगी हो मी! मॅट्रिकला संस्कृतात पहिली आलेली!

पुढच्या हळदीकुंकवाला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या कादंबरीचा शेवट कसा आहे हो?"

"अगंबाई, माझा तर पदर भिजला," एक म्हणाल्या.

"रडण्यासारखं काय आहे त्यात? सगळं गोड होतं की," दुसऱ्या म्हणाल्या.

तिसऱ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू नको वाचूस आत्ता. डाळ घे."

ती वाटली डाळ मी तशीच द्रोणात घरी आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धीर करून पुस्तक उघडलं. नववं प्रकरण संपलं आणि पुढची पानं उघडेनात. बाइंडरने कडा कापल्याच नव्हत्या; इथवरच्या कुणीतरी हाताने कापलेल्या. दोन पानं दिसायची, मधली दोन घडीत बंद; शेवटपर्यंत तसंच. म्हणजे चार घरांत कुणी इथून पुढे गेलंच नव्हतं! पदर कशाने भिजला होता, देव जाणे.

मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, चौघीही इथेच का थांबल्या असतील? कापायचा धीर होईना. बंद आहे तोवर काही घडलेलं नाही. म्हणून मी नुसती दिसणारी पानं वाचली आणि हाय खाल्ली. एका पानाच्या सुरुवातीलाच होतं: 'आणि तिचे डोळे कायमचे मिटले.' पुढच्या उघड्या पानावर घरात माणसं जमलेली. त्याच्या पुढच्यावर नवरा एकटाच पेरूखाली बसलेला.

बाळ आत फिरलं, तर मला वाटलं तेही घाबरलंय. मी मोठ्याने रडू लागले.

शेजारच्या अक्का धावत आल्या. त्या कानडी, पाच बाळंतपणं झालेल्या, देवनागरी अक्षर वाचता न येणाऱ्या. त्यांनी माझं पोट चाचपलं, कपाळ पाहिलं. मी पुस्तकाकडे बोट केलं.

"यारु सत्रु?" त्यांनी विचारलं. कोण मेलं?

"ही," मी म्हटलं. "बहुतेक."

"बहुतेक?" अक्कांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं. मग अंबाड्यातला आकडा काढला, घडीत घातला आणि कर्रकन ओढला. मी "नको, नको!" म्हणून ओरडले. त्या म्हणाल्या, "स्वल्प तडी," जरा थांब, आणि मासा चिरावा तशी सगळी पानं फाडत शेवटापर्यंत गेल्या. कडा दातेरी झाल्या. पुस्तक माझ्या मांडीवर टाकून त्या समोर पाय पसरून बसल्या. "ओदु." वाच.

मी वाचलं. डोळे मिटले होते ते नवऱ्याच्या आत्याचे. वय झालं होतं तिचं. माणसं जमली ती तिच्या दिवसांना. मग आत्याच्या शेतावरून भाऊबंदकी, कोर्ट, वकील. नवरा पेरूखाली बसला तो दावा हरला म्हणून. आणि नायिका? ती दहाव्या प्रकरणात "जड पावलांनी आत गेली" ती पुस्तक संपलं तरी बाहेर आली नाही. लेखक तिला विसरला होता!

अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "सत्तळा?" मेली का?

"लिहिलंच नाही," मी म्हटलं.

त्यांना हसू आवरेना. मला मात्र आधीपेक्षा जास्त भीती वाटली. मेली असती तर निदान कळलं असतं. आता ती आणि मी, दोघी एकाच दाराच्या आत होतो आणि आमचं पुढे काय होतं ते कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. त्या दुपारी पहिल्यांदा मी कुणाला तरी आईचं, गजग्यांचं सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या कानडीत. अक्का हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मी दाराबाहेर बसणार नाही. आत बसेन."

आणि बसल्या. नर्स ओरडली तरी हलल्या नाहीत. मी शेवटपर्यंत घाबरलेलीच होते, पण कळ आली की अक्कांचा हात धरत होते. मुलगी झाली.

सव्वा महिन्याने मी ती दातेरी कादंबरी मंडळात परत नेली. पुढची पाळी एका नव्या मुलीची होती. ती पोट सावरत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, यातल्या नायिकेला दिवस गेलेत म्हणे. शेवटी तिचं काय होतं?"

"मुलगी होते," मी म्हटलं. "दोघी ठणठणीत."

पलीकडून पदर भिजलेल्या बाई म्हणाल्या, "हो हो, फारच छान लिहिलंय ते."