नणंदेची हळद

शिरूरहून सून होऊन दौंडला आले, तेव्हा मला वाटायचं, अख्ख्या मंडळीची अक्कल माझ्याच डोक्यात आहे. नणंदेच्या हळदीला मी सासूबाईंच्या हातातली वाटीच काढून घेतली. "ख्रिस्ती लग्नात हळद? बायबलात बसत नाही!" नणंद रडायला लागली.

मांडवात चर्चचे एक म्हातारे पंच बसले होते. कुणीही मत ठोकलं, की ते मान तिरकी करून विचारायचे, "कुठं लिवलंय?" पाळकसाहेबांनाही सुटका नसे. हल्ली तसं कुणी विचारत नाही. चर्चमध्ये चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी पंचांनी मलाही तेच विचारलं आणि टॉवेलात गुंडाळलेलं बायबल माझ्या हाती दिलं. सगळ्यांसमोर मी पानं उलटत बसले. बंदी कुठंच सापडेना. शेवटी तेच जवळ येऊन म्हणाले,

"सूनबाई, देवाचं आसतं तर घावलं आसतं. हे तुझं हाय. ऊठ, नणंदेला पयली हळद तूच लाव."